लहान कबरींची रांग

पिवळा ठिपका अजून ओला होता. बोटाला चिकटला तेव्हा वत्सलाबाईंना कळलं, आज सकाळीच कुणीतरी त्यांच्या लेकीच्या कबरीच्या उशाशी येऊन हे करून गेलंय. बसूनसुद्धा नाही... उभ्याउभ्या ब्रश टेकवला आणि पुढे. गोदावरीतले चार गोटे, मधे हातभर मातीचा उंचवटा आणि त्यावर हा ऑइलपेंट. ज्या कबरीवर नावाचा दगड नाही तिच्यावर पिवळी खूण पडणार आणि ती सपाट होणार, हवं त्यांनी ग्रॅनाइटच्या भिंतीवर नाव कोरून घ्यावं — दफनभूमी कमिटीच्या किशोरने रविवारी उपासनेनंतर जाहीर केलं होतं, सहलीची बस कुठून सुटणार ते सांगावं तसं. नाव! बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या पोरीचं नाव कुठून आणू मी?

पूर्वी हा सगळा माळ होता. गावात पुरायला जागा देईनात, म्हणून आजेसासऱ्यांच्या पिढीने दगड वेचून तो साफ केला. भोवती द्राक्षांचे मळे नंतर आले, आणि मळ्यांच्या जागी या इमारती तर काल-परवाच्या. आता म्हणे जागा पुरत नाही. मेलेल्यांनीच तेवढं सरकून घ्यायचं!

ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरीला चुना द्यायचा, ही इथली रीत. त्यांनी चुन्याची बालदी टेकवली. पावसाळ्यात सरकलेले गोटे यंदाही कुणीतरी नीट लावून ठेवले होते. हे माळ्याचंच काम, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या.

"सलाम बाई. जरा सरकता का?"

विंचूरच्या विमलाबाई. चर्चच्या जत्रेत दिसायच्या, तेवढीच ओळख. त्यांच्याही हातात बालदी. खाली बसल्या आणि पहिल्याच गोट्यावर त्यांनी कुंचा फिरवला.

"अहो, हे काय करताय? माझी मुलगी आहे इथे."

"तुमची?" कुंचा थांबला. "माझा पोरगा हाय हा. मी दर नोव्हेंबरला येते, मृतांच्या दिवशी. ह्या पाडापाडीचं ऐकलं म्हनून आत्ता आले."

"आमच्या ह्यांनी, मास्तरांनी, स्वतः दाखवलीय मला ही जागा!"

"मला बी मालकांनीच दाखवली. बाळंतिणीला कोन येऊ देतंय हितं?"

खरंच होतं. उंबऱ्यावरून खोकं नेलं तेव्हा दूध पाझरत होतं, आणि सासूबाईंनी दार लावून घेतलं होतं. पुढे कितीतरी दिवसांनी मास्तर त्यांना इथे घेऊन आले...

"काय म्हणाले तुमचे मालक? दाखवताना?"

"म्हनले, ही बघ, निंबाखाली. आता रडू नगं."

मास्तरही हेच म्हणाले होते. तेच शब्द. तोच निंब.

पिवळ्या रंगाचा डबा हलवत किशोर आला. "काय आजी, भांडण? एकीचं नाव भिंतीवर घेऊ की. बोला, यादीत इथे कुणाचं धरू?"

"किशोर, तुझ्या पाळण्याची दोरी मी ओढलीय. इथे पुन्हा ब्रश टेकवलास तर ही बालदी डोक्यावर ओतीन!"

तो हसत गेला. त्याच्यावर रागावणं सोपं होतं. पण मास्तर — तुम्ही जागा दाखवलीत, की मी गप्प बसावं म्हणून जवळच्या उंचवट्याकडे नुसतं बोट केलंत? आणि मी चाळीस वर्षं... कुणाच्या लेकराला...

"तुमी ती बाजू घ्या," विमलाबाई हळूच म्हणाल्या. "चुना वाळतोय."

वत्सलाबाईंनी ती बाजू घेतली. कुंचा गोट्यावर दाबून फिरवला, दुःखाने नव्हे, संतापाने. आणि तो संताप मास्तरांपाशीही थांबेना. दार लावणाऱ्या सासूबाई, मान खाली घालून परतलेले सगळे पुरुष, आणि विचारायचं धाडस न झालेली ती बाळंतीण.

एरवी फाटकाकडे त्या या लहान कबरींमधून सरळ निघायच्या. आज उठल्या, आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. निंबापासून कुंपणापर्यंत उंचवटेच उंचवटे, काही तर पार मातीला मिळालेले. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. तरी पाय कुठे टाकावा, कळेना.