पाडव्याची आंघोळ

माझ्या तोंडाला फाटक न्हाई, असं सगळं उचगाव म्हणतंय. खोटं न्हाई ते. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला मी भर चौकात आडवा घेतलाय. मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याला दारातच विचारलंय, "पावणं, इतकी वर्सं कुठं हुतासा?" पण एका गोष्टीवर मी दोन वर्सं तोंड शिवून बसलते.

आमचं मालक माझ्याजवळ यायचं बंद झालं, ही ती गोष्ट.

कृष्णात नाव त्यांचं. शिरोलीच्या एका फौंड्रीत सुपरवायझर हाईत. पन्नाशीला टेकलेला गडी. दिवसभर भट्टीच्या धगीत उभं राहून घरी आलं तरी फाटकातनंच "पूर्णिमा, च्या टाक की!" म्हणून असं आरडायचं, की शेजारची बायडाबाई पण च्या टाकायची. त्या माणसाचा आवाजच गेला बघा. यायचं, खुर्चीत बसायचं, कप हातात धरून डुलक्या घ्यायचं. पुण्यासनं मोनाचा, आमच्या लेकीचा, फोन आला तरी "हूं, हूं" एवढंच. एकदा मी आपणहून त्यांच्या छातीवर हात ठेवला, तर अंग चोरून घेतलं. मग मी पण हात ठेवायचं सोडून दिलं. जीव तुटायचा, खरं सांगते. पण असलं बोलायचं कुणाशी? आणि त्यास्नी विचारलं तर मान खाली जाणार बिचाऱ्यांची. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गप बसले.

गप म्हंजे हात बांधून न्हवं. आपल्याकडं माणूस वाळला, सुकला, रुसला, सगळ्याला औषध एकच, मटण. आयतवारी पांढरा रस्सा, बुधवारी पायाचं सूप, रोज सकाळी म्हशीचं धारोष्ण दूध. माझी मोठी नणंद आक्का, कसबा बावड्याला असत्यात, त्यांनी डिंकाच्या लाडवांचा डबाच पाठवून दिला. "माझ्या भावाला दिष्ट लागलीया," म्हणाल्या, म्हणून मिरच्या पण ओवाळून टाकल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असलं झालं आमचं. मालकांची ढेरी तेवढी सुटली.

शेवटी एक दिवस कामावर भट्टीजवळच त्यांचा डोळा लागला. बाकीच्यांनी वेळेत बाजूला घेतलं म्हणून बरं, न्हाईतर माझं कुंकू गेलं असतं. फौंड्रीच्या मालकानं सांगितलं, आधी डॉक्टर, मग ड्यूटी. मीच धरून नेलं राजारामपुरीत.

डॉक्टर तरणा होता, पण नीट बोलला. सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, मग काही दिवसांनी परत घेतलं. म्हणाला, "मावशी, पुरुषाच्या अंगात एक हार्मोन असतं, टेस्टोस्टेरॉन. यांचं फार खाली गेलंय. म्हणून झोप, म्हणून थकवा, म्हणून मन लागत नाही. ह्यात यांची काही चूक नाही." मला तिथंच रडू आलं. दोन वर्सं कुणीतरी एवढं एक वाक्य सांगायला पाहिजे होतं. जेल देतो म्हणाला, रोज सकाळी आंघोळ करून खांद्याला लावायचं, मधनंमधनं रक्त तपासायचं. "आता काळजी काय घ्यायची ते सांगतो," असं तो म्हणाला आणि मालक माझ्याकडं न बघताच म्हणालं, "तू जरा भाईर बस."

बसले. लाजत्यात, लाजू देत म्हटलं.

औषध लागू पडलं की हो! दोन-तीन म्हयन्यांत माणूस हळूहळू जागा झाला. गणपतीच्या सुमाराला फाटकातनं परत हाळी आली, "पूर्णिमा, च्या टाक की!" मी गॅसपाशीच उभी राहून पदरानं डोळं पुसलं. मोनाशी फोनवर गप्पा मारायला लागलं, गल्लीतल्या पोरांची मस्करी करायला लागलं. मला वाटलं, आता आपले दिवस आले.

आणि त्याच आठवड्यात मालकांनी भाईरच्या खोलीत खाट टाकली.

"मी घोरतोय, तुझी झोप मोडत्या," म्हणालं. अगं बया! लग्न झाल्यापासनं घोरत्यात, तवा न्हाई मोडली माझी झोप. घरात पण पुऱ्या बाह्यांचा सदरा. आपला टॉवेल आपणच धुवायचं, सदरा आपणच भिजवायचं, मी हात लावला की "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे". जेवण वाढताना माझा हात त्यांच्या खांद्याजवळनं गेला तरी चटका बसल्यासारखं मागं सरकायचं.

मग मी काय समजायचं? आजारी होते तवर आजाराला नाव ठेवता येत होतं. आता माणूस बरा झाला, हसाय-खेळाय लागला, सगळ्या जगाला पाहिजे झाला, आणि मी तेवढी नको झाले. म्हंजे हार्मोन बिचारं फुकट बदनाम झालं, दोष माझ्यातच हुता. आरशात बघायचं बंद केलं मी. राग पण यायचा, रडू पण यायचं, आणि दोन्हीतलं कुठलं आधी आलं ते माझं मलाच कळायचं न्हाई.

दिवाळी आली. मी मनाशी एक ठरवलं. वर्साचं सगळं सोडा, पाडव्याला नवऱ्याला आंघोळ घालायचा बायकोचा मान असतोय. तेल लावायचं, उटणं लावायचं, पाठ चोळायची, मग ओवाळायचं. लग्न झाल्यापासनं एक पाडवा चुकला न्हाई आमचा. त्या दिवशी तरी अंगाला हात लावू देतील. आणि न्हाई लावू दिला, तर मग समजायचं की संपलं.

पाडव्याला पहाटे उठले. भाऊबीजेला म्हणून आक्का आदल्या दिवशीच येऊन राहिल्या होत्या, त्यांनी उटणं कालवलं. मी पाट मांडला, भोवतीनं रांगोळी घातली, वाटीत तेल कोमट केलं. म्हटलं आता उठवावं, तर न्हाणीचं दार उघडलं आणि मालक भाईर आलं. केस ओलं, अंगावर टॉवेल, साबणाचा घमघमाट.

"आंघोळ केलीसा?" मी विचारलं.

"व्हय," म्हणालं.

पाडव्याला! आपली आपण! हातातली वाटी मी फेकली ती थेट भिंतीवर. तेलाचा ओघळ रांगोळीवर उतरला. आक्का उटण्याचा हात तसाच धरून उभ्या.

"एवढी किळस येत्या माझी?" मी ओरडले. "दुसरी कोण हाय काय? असंल तर सांगा, मी मोनाकडं जाते! पण हे असं रोज रोज थोडं थोडं मारू नका!"

मालक गांगरून गेलं. "अगं, काय बोलतीयास? धुऊन आलोय मी. परत बसणारच हुतो की पाटावर. तुझ्या हाताला लागू नये म्हणून..."

"काय लागू नये?"

"ते औषध. कालचं खांद्यावर असतंय अजून. बाईमाणसाच्या अंगाला लागलेलं चालत न्हाई." आक्कांकडं बघितलं, आवाज बारीक केला. "मिशा येत्यात म्हणाला डॉक्टर."

आक्का पोट धरून हसत खालीच बसल्या. "आरं कृष्णा, आवाज तर तिचा तुझ्यापेक्षा मोठा हाईच, आता मिशा बी!"

मला हसू येत न्हवतं. "डॉक्टरनं बायकोला लांब खाटेवर घाला म्हणून सांगितलंय?"

"न्हाई. कापड घाला म्हणाला, जवळ जायच्या आधी साबणानं धुवा, मग काय हुत न्हाई. पण मला भ्या वाटलं. बरं वाटाय लागल्यापासनं मीच झोपेत तुझ्याकडं सरकत हुतो, तुझा हात पडला तर? माझ्या दुखण्यापायी तुला काय झालं असतं तर मी काय केलं असतं?"

"आणि हे सांगायला तुमच्या तोंडाला काय झालतं?"

मालक पाटाकडं बघत म्हणालं, "धुऊन जवळ येता येतंय, असं सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, हा आता मागायला लागला. दोन वर्सं मी असा मढ्यावानी पडून हुतो. तू कदी एक शबुद बोलली न्हाईस, पूर्णिमा. तू, जी गावाला सोडत न्हाईस. मला वाटलं, सुटली बिचारी ह्यातनं. तुला नकोच हाय."

म्हंजे मी त्यांची मान ताठ ऱ्हावी म्हणून गप, आणि ते माझ्या गप बसण्याला घाबरून भाईरच्या खाटेवर.

"नको हाय?" मी म्हटलं, आणि माझा आवाज कुठवर गेला असंल ते मला माहीत न्हाई, खिडक्या सगळ्या उघड्या होत्या. "जीभ चावून चावून दोन वर्सं काढली मी तुमास्नी लाज वाटू नये म्हणून! मला पाहिजे हुतासा. तवा पण पाहिजे हुतासा, आज पण पाहिजे हायसा. आता ऐकलासा? का अजून मोठ्यानं सांगू?"

"बास, बास," मालक म्हणालं. "ऐकलं."

आक्का उठल्या. दुसऱ्या वाटीत तेल घेऊन गॅसवर धरलं, आणून माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन दार ओढून घेतलं.

मालक पाटावर बसलं. तेलानं माखलेल्या रांगोळीतच. मी मागं बसले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते अंग चोरतील म्हणून मी जरा थांबले, पण त्यांनी चोरलं न्हाई. दोन्ही हातांनी चोळायला लागले, खांदं, दंड, पाठ. चोळता चोळता बघते तर पाठ हलायला लागलेली.

"काय झालं हो?"

"काय न्हाई," म्हणालं. "तेल गेलं डोळ्यात."

अजून मी डोक्याला हातच लावला न्हवता.