चिकटवलेलं पान

“एका बैठकीत संपवली तुमची कादंबरी,” प्रकाशक म्हणाले आणि त्यांनी बाड टेबलावरून पुढे सरकवलं. “एक शब्द बदलायचा नाही. शेवटची नजर टाका नि परवा आणून द्या. छपाईला घेऊ.”

बाइंडरने मान डोलावली, पण तो हुरळला नाही. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं बांधण्यात गेली होती. ज्यांच्यावर रकानेच्या रकाने अभिप्राय छापून आले, ती पुस्तकं त्याच्याकडे पुन्हा बांधायला यायची, तेव्हा आतली जोडलेली पानं वाचण्यासाठी कापलेलीसुद्धा नसायची. त्यामुळे स्तुती कानावर पडली की त्याच्या मनात आधी पाल चुकचुकायची.

“मुलीचा भाग कसा वाटला?” त्याने सहज विचारल्यासारखं केलं.

“कुठल्या मुलीचा? हां, ती. हृद्य आहे हो. फार हृद्य.”

दोनदा हृद्य म्हणजे एकदाही वाचलेलं नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. बाड काखेत मारून तो तडक घरी आला.

खात्री करून घ्यायची सोय त्याने आधीच केली होती. बाड देण्याच्या आदल्या रात्री एकशे चव्वेचाळीस आणि एकशे पंचेचाळीस ही समोरासमोरची पानं त्याने घरीच कडेला खळीने चिकटवली होती. वाचणाऱ्याचं वाक्य मध्येच तुटणार आणि पान सोडवल्यावाचून त्याला पुढे जाता येणार नाही, असा हिशेब होता.

पानही साधंसुधं नव्हतं. गोष्टीतला बाप दवाखान्यात आजारी मुलीच्या उशाशी बसलेला असतो. भर दुपारी त्याचा डोळा लागतो. जाग येते तेव्हा मुलगी गेलेली असते. दारातून आत येणाऱ्या बायकोला तो सांगतो, ‘शेवटी पाणी मागितलं तिने. मीच पाजलं.’ आणि बायको बिचारी तेच खरं धरून जगते. हे एक पान लिहायला त्याला बारा वर्षं लागली, कारण तो बाप तो स्वतःच होता. गोष्टीत गाव बदलता येतं, धंदा बदलता येतो. आपण जिथे खोटं बोललो ती जागा मात्र बदलता येत नाही. लिहिता लिहिता तो शिकला ते एवढंच.

घरी आल्यावर त्याने बाड उघडलं. पानं जशीच्या तशी चिकटलेली होती.

“लबाड लेकाचा,” तो पुटपुटला. त्याला राग आला, पण आपला संशय खरा ठरल्याचं थोडं समाधानही वाटलं. त्याने पातं घेऊन कड सोडवायला घेतली आणि त्याचा हात थांबला. खळ पांढरी होती.

त्याच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद असायचा. ती वाळली की निळसर दिसायची. ही तर स्वयंपाकघरातल्या पिठाची होती. पान कुणीतरी आधीच सोडवून पुन्हा चिकटवलं होतं, आणि प्रकाशक काही पीठ शिजवत बसणार नव्हते.

“अगं,” त्याने आत हाक मारली, “माझ्या बाडाला हात लावला होतास?”

“मी कशाला लावू?” आतून बायको म्हणाली. “धूळ पुसली असेल.”

तुमचं वाचायला मला कुठे सवड, असं ती कायम म्हणायची. आता हे बोलताना मात्र आतला भांड्यांचा आवाज बंद झाला होता. त्याने कड सोडवून पान उलटलं. ‘मीच पाजलं’च्या बाजूला समासात पेन्सिलने लिहिलेलं होतं:

‘पाणी आईने पाजलं. बाप तीन दिवस जागा होता म्हणून त्याला उठवलं नाही. मग ती नर्सला बोलवायला गेली.’

त्याने ते पुन्हा पुन्हा वाचलं. बारा वर्षं तो तिच्यापासून जे लपवत होता, ते तिने बारा वर्षं त्याच्यासाठी झाकून ठेवलं होतं. ती दारात येऊन उभी राहिली, तरी त्याला मान वर करवेना.

“किती प्यायली?” त्याने विचारलं.

“दोन घोट.”

ती पदराला हात पुसत येऊन शेजारी बसली.

“प्रकाशकांनी वाचलेलं नाही,” तो म्हणाला.

“मी वाचलंय ना. आता ते शाईने नीट लिहा. माझं अक्षर लागायचं नाही कुणाला.”

त्याने पेन उघडलं आणि तिची तीन वाक्यं, एकही शब्द न बदलता, लिहायला घेतली. पान हलू नये म्हणून तिने दुसऱ्या टोकावर हात ठेवला.