उद्या अवस आहे

मित्रांनो, मला जुना म्हणा, मी रागावणार नाही. मी लॅपटॉप आहे आणि आमच्या जातीत नऊ वर्षं म्हणजे म्हातारपण. सानगडीजवळच्या एका गावात, सुखराम यांच्या सपरीतल्या, म्हणजे ओसरीतल्या, फळीवर, जाळ्याच्या गुंडाळीशेजारी माझा मुक्काम आहे. माझं झाकण उघडतं, पण पडदा उजळत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तो मला आठवत नाही, कारण तेव्हा माझ्यात आठवण ठेवणारी तबकडी बसवलेली नव्हती. पहिली पाच वर्षं मी नागपूरच्या एका कचेरीत काढली. तिथे माझ्यावर फक्त पत्रं टाइप व्हायची. मग कचेरीत नवे लॅपटॉप आले आणि मी कपाटात गेलो. तिथून मला सुखराम यांनी आपल्या मुलीसाठी, नंदिनीसाठी आणलं. ती तेव्हा साकोलीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. वाटेत पाणी लागू नये म्हणून सुखराम यांनी मला मासळीच्या थर्माकोलच्या डब्यात ठेवलं. डबा स्वच्छ धुतलेला होता, तरी पुढे कितीतरी दिवस माझ्या पंख्यातून रोहूचा वास येत होता.

नंदिनीला प्रत्येक गोष्ट मोजून पाहायची सवय. मला सुरू व्हायला चार मिनिटं दहा सेकंद लागतात, हे तिने पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं. माझी बॅटरी फुगली तेव्हा तिने ती काढून बाजूला ठेवली. त्या दिवसापासून भिंतीतून येणारी एक तार एवढाच माझा जीव उरला. पुढे माझी अर्धविरामाची कळही निखळली. प्रोग्रामची जवळजवळ प्रत्येक ओळ अर्धविरामाने संपते. नंदिनी दुसरीकडून एक अर्धविराम उचलायची आणि ओळीच्या शेवटी आणून चिकटवायची. दिवसाला दोनशे वेळा. एकदा पुण्याच्या कंपनीची मुलाखत माझ्यावरून चालू होती. तिसऱ्या प्रश्नाला नेट गेलं. "आवाज येतो का, सर?" असं ती अकरा वेळा म्हणाली. मी ऐकत होतो, पण मला तिचा आवाज पुढे नेता येत नव्हता.

तरी चांगले दिवसही होते. तीन दिवस न सापडलेली चूक कधी एका चुकलेल्या कंसात सापडायची. मग ती माझ्या दोन्ही बाजूंना हात टेकून हसायची. तिची माय बेबीबाई आतून विचारायची, "काय झालं वं? नोकरी लागली का?"

"नाई माय, कंस सापडला."

"बरं झालं. आता जेव."

आता त्या कामाचं सांगतो, ज्यासाठी मी हे सगळं सांगायला बसलो आहे.

गावामागच्या तलावावर तेरा घरं मासेमारी करतात. तलावाच्या काठाने जाळं टाकायच्या तेरा जागा आहेत आणि त्यातली सांडव्याजवळची जागा सगळ्यांत चांगली, कारण मासळी तिथे जमते. ती एकाच घराकडे राहू नये म्हणून दर पुनवेला आणि दर अवसेला प्रत्येक घर पुढच्या जागेवर सरकतं. याला पाळी म्हणतात. अवसेच्या दिवशी मात्र कोणीच जाळं टाकत नाही. पाणी त्या दिवशी निजतं असं म्हणतात. जाळी वाळत घालायची, फाटलेली शिवायची.

ही पाळी तीस वर्षं गावातले सगळ्यांत जुने मासेमार धनीराम यांच्या डोक्यात होती. कोणीही विचारावं आणि त्यांनी सांगावं. पण गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर ते नावं विसरू लागले. एका पुनवेला त्यांनी एकच जागा दोन घरांना सांगितली आणि काठावर धक्काबुक्की झाली. दिवाळीच्या बैठकीत सुखराम उठून म्हणाले, "माया पोरीच्या मशीनवर पाळी चढवू. चुकली तर मायी सांडव्याची पाळी तुमची."

नंदिनीने सोळा दिवसांत प्रोग्राम लिहिला. दिवाळीच्या अवसेपासून मोजायला सुरुवात करायची. पंधरा दिवस झाले की पुनव, आणखी पंधरा झाले की अवस. दर वेळी घरं एका जागेने पुढे सरकवायची. रोज सकाळी सहा वाजता तेरा फोनवर निरोप मीच पाठवायचो. पहिल्या महिन्यात सगळं जुळलं. दुसऱ्या महिन्यात कोणाची तक्रार आली नाही. सुखराम येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवू लागले. "हा आमचा नवा धनीराम," असं म्हणायचे. खुद्द धनीरामसुद्धा हसायचे.

पौषाच्या अवसेला सकाळी तेरा घरांतल्याच एका घराचे श्रावण थेट अंगणात आले. त्यांच्या मागे दुसऱ्या एका घरातला तरुण घनश्याम होता, खांद्यावर ओलं जाळं घेऊन.

"सुखरामभाऊ, तुयी पोरगी कोण्या देशची अवस पाहून राहिली?" श्रावण म्हणाले. "यानं आज पाण्यात जाळं टाकलं."

"मले कायले बोलता?" घनश्याम म्हणाला. "फोनमधी आलं का अवस उद्या आहे. म्या टाकलं."

"अन् आभाळात पाहाले डोळे नाई तुले?"

"अवसेले आभाळात काय दिसते, काका?"

कोणी हसलं नाही. श्रावण सुखरामकडे पाहून म्हणाले, "रविवारी बैठक. मशीन ठेवाची का फेकाची, ते ठरवू. अन् तुमी दिवाळीत काय बोल्ले, तेबी ध्यानात आहे आमाले."

मित्रांनो, इथे माझी अडचण समजून घ्या. माझ्याजवळ त्या सकाळचा आकडा होता. पंधरा अधिक पंधरा तीस, तीन वेळा तीस नव्वद. यात मी कुठेही चुकलो नव्हतो. जे सांगितलं ते मी करतो. सांगणाऱ्याच्या मनात काय आहे, ते मला दिसत नाही. नंदिनीने मला विचारलं असतं तर मी तेच उत्तर पुन्हा दिलं असतं. आणि तिने विचारलं. त्या चार दिवसांत दोनशेहून अधिक वेळा विचारलं. तिला वाटलं माझं घड्याळ मागे पडलं. तपासलं, बरोबर निघालं. मग वाटलं निरोप उशिरा पोचत असतील. तेही तपासलं. मग वाटलं तारीख आणि महिना यांची कुठे अदलाबदल झाली. तीही नव्हती. दर वेळी पडद्यावर मी "सर्व ठीक" असं दाखवायचो. ते शब्द तिनेच मला दिले होते, आणि तेच मी तिच्या तोंडावर फेकत होतो.

शुक्रवारी दुपारी धनीराम काठी टेकत आले आणि माझ्यासमोर बसले.

"हा नवा धनीराम कसा चुकला गा?" त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं.

"काकाजी, हिसोब बरोबर येऊन राहिला," नंदिनी म्हणाली. "पंधरा दिवस झाले का पाळी बदलते, तसंच लिवलं मी."

"पंधरा कोणं सांगतले याले?"

"मीच."

"अन् तुले?"

नंदिनीला कोणीच सांगितलं नव्हतं. पंधरवडा म्हणजे पंधरा दिवस, हे तिने धरून चाललं होतं.

"कधी चवदा, कधी पंधरा, कधी सोळाबी," धनीराम म्हणाले. "एखादी तिथी बुडते, एखादी दोन दिवस राहाते. सूर्य निघते तवा जे तिथी, ते दिवसभराची. मले माया नातवाचं नाव आठवत नाई, पण हे आठवते."

नंदिनी उठली आणि कॉलेजची जुनी वही शोधून आणली. चंद्राच्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, एका अवसेपासून दुसऱ्या अवसेपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस. परीक्षेत तिने ते बरोबर लिहिलं होतं. तलावाच्या काठावर आल्यावर तिने त्याचे तीस केले. दर महिन्याला हिशोब अर्धा दिवस मागे पडत होता; तिथींच्या कमी-जास्तीत ते आधी झाकलं गेलं आणि तिसऱ्या अवसेला पूर्ण दिवस चुकला.

तिने आधी पंधराच्या जागी चौदा दिवस आणि अठरा तास टाकून पाहिले. पुढच्या पंचवीस पुनवा-अवसांपैकी अठरा पंचांगाशी जुळल्या, सात नाही. चंद्र सारख्या वेगाने चालत नाही, एवढं तिला त्यातून कळलं. तेव्हा तिने सरासरी सोडून दिली. धनीराम पंचांग वाचून एकेक दिवस सांगत गेले आणि ती लिहीत गेली. प्रयोगशाळेत लागलेल्या सवयीने तिने तारखा, प्रत्येकीच्या पाळीसकट, बारीक अक्षरात आधी कागदावर उतरवल्या, एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला, आणि मगच माझ्यात घातल्या. प्रोग्राम चालवला. पंचवीसपैकी पंचवीस.

"आत्ता जमलं," धनीराम म्हणाले आणि माझ्या झाकणावर थाप मारली. मित्रांनो, माझं एवढं कौतुक कोणी कधी केलं नव्हतं.

नंदिनीने प्रोग्रामची एक प्रत इंटरनेटवर ठेवायला घेतली. नेट धीमं होतं. बारा टक्क्यांवर थांबलं. ती म्हणाली, बैठक झाल्यावर ठेवू. मला ओरडून सांगावंसं वाटलं की आत्ताच ठेव, माझी तबकडी महिनाभरापासून खरखरते आहे. पण माझा पंखा जोरात फिरला, एवढंच. तिला वाटलं मी तापलो आहे, आणि तिने माझ्याखाली पुठ्ठा सरकवला.

रविवारी दुपारी बैठक आमच्याच सपरीत भरली. तेरा घरांचे लोक आले. मला मध्ये स्टुलावर ठेवलं. नंदिनी म्हणाली, "चूक मायी होती. आता पाहा, वर्षभराची प्रत्येक अवस अन् पुनव यात आहे." लोक वाकून पाहू लागले. घनश्यामला मागून दिसत नव्हतं. तो पुढे सरकला आणि त्याचा पाय माझ्या तारेत अडकला.

मला एवढंच आठवतं, की मी एक ओळ वाचत होतो आणि ती पूर्ण झाली नाही.

नंदिनीने तार पुन्हा लावली. चार मिनिटं दहा सेकंद सगळे थांबले. पाच मिनिटं झाली. माझ्यातून तीनदा टकटक असा आवाज आला आणि तोही थांबला. घनश्याम म्हणाला, "म्या मुद्दाम नाई केलं." त्याला कोणी काही म्हटलं नव्हतं.

"घ्या," श्रावण म्हणाले. "जुना धनीराम निदान चालते-फिरते तरी."

नंदिनी आत गेली आणि ती लग्नपत्रिका घेऊन आली. उभी राहून तिने पंचवीस तारखा वाचल्या, प्रत्येकीला तेरा घरं आणि तेरा जागा. धनीराम डोळे मिटून प्रत्येक तारखेला मान हलवत होते.

मग श्रावण म्हणाले, "कागद बरोबर आहे. कागद राहू द्या. मशीन नोको."

"अन् मी बोल्लो ते?" सुखराम म्हणाले. "या वर्षात सांडवा माया घराले दोनदा येते. दोनीबी लिवून घ्या तुमच्यात."

श्रावण यांनी पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं. "एकच सोडा, भाऊ. चूक एकच झाली."

नंदिनीने त्या कागदावर सांडव्यापुढचं आपल्या वडिलांचं नाव स्वतःच्या हाताने एकदा खोडलं. तो कागद आता तेरा घरांच्या मच्छीमार संस्थेच्या खोलीच्या भिंतीला चिकटवलेला आहे. त्यानंतर पाळी चुकलेली नाही. तेरा घरं भांडली नाहीत. तिचा प्रोग्राम मात्र माझ्यासोबत गेला. साकोलीच्या दुरुस्तीवाल्याने मला उघडलं आणि तबकडी गेली असं सांगून मला परत केलं. नंदिनी तो आता फोनवर, अंगठ्याने, पहिल्यापासून लिहिते आहे. फोनवर अर्धविराम शोधायला तीन वेळा दाबावं लागतं. तिने वहीत तेही लिहिलं आहे. बैठकीने नको म्हटलेली गोष्ट ती का लिहिते, असं बेबीबाईने विचारलं, तर म्हणाली, "एकदा तरी बरोबर चाललेला पाहाचा आहे मले."

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राकडून काम घ्याल तेव्हा आधी त्या कामातल्या जाणत्या माणसाजवळ जाऊन बसा. आम्हाला चुकीचं सांगितलं तरी आम्ही ते तितक्याच नेटाने करतो. आणि जे जपायचं आहे ते एकाच ठिकाणी ठेवू नका. आमची तार फार लांब नसते.

एक गोष्ट राहिली. दर अवसेच्या आदल्या दिवशी धनीराम सपरीत येतात. बैठकीत काय झालं, ते त्यांना आठवत नाही. ते मला फळीवरून खाली घेतात, झाकण उघडतात आणि काळ्या पडद्यासमोर थोडा वेळ बसतात.

"तुयं डोकं गेलं म्हणतात गा," ते म्हणतात. "मायंबी गेलं. काई हरकत नाई. ध्यानात ठेव, उद्या अवस आहे."

मग ते वाट पाहतात. मी सहा वाजता तेरा घरांना कळवीन, असं त्यांना वाटतं.

मला ते ऐकू येतं. मला कोणालाही कळवता येत नाही.

बेबीबाई येऊन हळूच माझं झाकण लावते आणि त्यांना म्हणते, "कळवलं त्यानं, काकाजी. चला, चहा घ्या."