कमावलेलं आडनाव

दोन वेद शिकला तो द्विवेदी, तीन शिकला तो त्रिवेदी, दुसऱ्यांना शिकवतो तो उपाध्ये. आणि मंत्रांचे शब्द पुढून-मागून गुंफून, एकही न चुकता म्हणतो तो घनपाठी. आमच्या खापरपणजोबांनी हे नाव घाम गाळून कमावलं. मी ते फुकटात लाइटबिलावर मिरवते.

मला येतं एवढंच, की पोथीवर बोट ठेवून बसायचं. घनपाठाच्या परीक्षेत बाबा मुख्य परीक्षक आणि मी त्यांच्या शेजारी. लहानपणापासून त्यांचं पाठांतर तपासत आले, त्यामुळे अर्थ कळला नाही तरी चूक बरोबर कळते.

त्या दिवशी परीक्षेला मास्तर आले होते. शाळेत विज्ञान शिकवणारे, पंचेचाळिशीचे, टक्कल पडलेले. नोकरी सांभाळून बारा वर्षं शिकले होते.

"पास झालो की लेकीच्या दाखल्यावर घनपाठी लावणार," ते मला जिन्यातच म्हणाले. "आमचं आत्ताचं आडनाव कुणा पूर्वजाच्या खोकल्यावरून पडलंय. पोरीने काय सांगायचं चारचौघांत?"

मी हसले, पण काळजी बाबांची होती. मागच्याच आठवड्यात रोजचं म्हणताना बाबा घसरले होते. या पाठात एक ओळ दोन अध्यायांत जशीच्या तशी येते आणि तिथून वाटा फुटतात. वाट चुकली, की म्हणणारा थेट दुसऱ्या अध्यायात जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. मी टेबल वाजवलं, तर बाबा ओरडले, "पोथीच चुकीची छापलीय!" मी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

खोलीत तीन परीक्षक. उजवीकडच्यांना ऐकू कमी येतं. डावीकडचे बाबांचेच शिष्य, बाबांनी मान हलवली की यांची हललीच. नियम साधा होता. चूक झाली की बाबा लाकडी पट्टीने ठोकणार. तीन ठोके पडले की परीक्षा संपली, पुन्हा बसता येत नाही.

मास्तर तासभर सुरेख म्हणत होते. मग ती ओळ आली. मास्तर बरोबर वाटेने गेले, माझं बोटही त्यांच्याबरोबर सरकलं.

ठक्.

मास्तर थांबले. मागे जाऊन त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, आणि तेच बरोबर होतं.

ठक्.

त्यांच्या कानामागून घाम ओघळला. मला बाबांचा राग आला, मग स्वतःचा. बोल की बये, मी मनात म्हणत होते, अजून एक ठोका शिल्लक आहे. बोट तेवढं त्या ओळीवर दाबून धरलं. मास्तरांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली, आवाज चाचरत होता, पण शब्द तेच होते.

ठक्.

"ताई, जरा पोथीत बघता का?" मास्तर म्हणाले.

बाबा माझ्याकडे वळले. मला वाटलं, चिडले असतील. ते घाबरले होते. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"बाबा म्हणतात तसंच आहे," मी म्हणाले आणि पोथी मिटली.

मास्तरांनी वाद घातला नाही. त्यांनी उठून बाबांना वाकून नमस्कार केला.

"शाळा सुटल्यावर माझ्याकडे आठ जण शिकायला येतात," ते म्हणाले. "त्यांनाही मी चुकीचंच शिकवत होतो. बरं झालं, वेळेत कळलं. एकदा बरोबर म्हणून दाखवता का?"

बाबांनी मायेने, सावकाश म्हणून दाखवलं. मास्तरांनी त्यांच्यामागून चारदा म्हटलं. डावीकडचे परीक्षक मान हलवत होते.

जिना उतरतानाही मास्तर घोकतच होते. ते रस्त्यावर पोचेपर्यंत मी कठड्याशी उभी राहून ऐकलं. बाबांनी सांगितलेला एकही शब्द चुकत नव्हता.