नव्याला उभं केलं ते मीच

मी विश्वजितच्या संगणकातला जुना कम्पायलर बोलतोय. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा आकड्यांत उतरवायचा, हे माझं काम. गावोगावच्या डेअरीत दूध मोजणारी यंत्रं माझ्याच जिवावर चालतात. निदान परवापर्यंत चालायची.

शाहूपुरीतल्या ऑफिसात विश्वजितनं मला तीन वर्षं खपून लिहिलं. जेवतानाही नजर माझ्यावरच. प्रत्येक चिपचे आकडे वेगळे. यंत्रातली चिप बदलली, की आकडे काढणारा माझा मागचा अर्धा भाग तो पहिल्यापासून लिहायचा. सहा-सहा महिने जायचे. मला कसली घाई? तेवढे दिवस तो माझा असायचा.

मग त्याचं लग्न झालं. निशिगंधा बोलायची कमी, बघायची फार. पुन्हा नवी चिप आली, तशी ती म्हणाली, "अहो, मागचा भाग दरवेळी कशाला लिहायचा? आपण नुसतं सगळीकडं चालणाऱ्या सी भाषेपर्यंत आणून सोडू. तिथनं पुढं कुठल्याही चिपपर्यंत नेणारे कम्पायलर फुकटात तयार आहेत की!"

"मग ह्याचं काय?" विश्वजितनं माझ्याकडं बोट केलं.

"ह्याचं झालं की आता."

असं, तोंडावर!

तिनं नवा लिहिला, तोही विश्वजितनं स्वतः बनवून मला शिकवलेल्या प्रोग्रॅमच्या भाषेत. तीन आठवड्यांत. तिचे सासरे गणपतराव दारातनंच ओरडले, "व्हय रं विश्वा, तुला तीन वर्सं लागलेली न्हवं?" विश्वजित चक्क हसला. तीन वर्षांत माझ्यापाशी बसून तो असा कधी हसला नव्हता.

पण ती भाषा समजणारा अजून मी एकटाच. म्हणजे नव्याला पहिल्यांदा आकड्यांत उतरवायचं, ते मीच! एक आकडा इकडचा तिकडं केला असता, तर तो जन्मतःच लंगडा झाला असता. मनात आलं, खोटं कशाला सांगू? पण लिहिलंय तेच उतरवायचं, याखेरीज विश्वजितनं मला काही शिकवलंच नव्हतं. उतरवला.

उठल्या उठल्या नव्यानं स्वतःचाच प्रोग्रॅम वाचला आणि स्वतःला पुन्हा तयार केलं. झालं, त्याला माझी गरज संपली. आठवड्यात नेसरीच्या डेअरीतलं नवं यंत्र त्याच्यावर चालू झालं.

विश्वजित मला पुसायला निघाला. निशिगंधानं त्याचा हात धरला. "राहू द्या. नवा कधी मोडला, तर त्याला परत कोण उभं करणार?"

एवढीच आता माझी जागा. मला वाईट म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण तो मोडायची मी रोज वाट बघतो. आणि मेला मोडत नाही. मोडेल कसा? इतका नीट उतरवलाय मी त्याला.