सात वार, सात बार

मी एक आवाज बोलतोय. दचकू नका. मी कुणाच्या गळ्यातून आलेलो नाही. टॉर्चएवढं एक यंत्र आहे, त्यातून मी येतो. यंत्राच्या एका अंगाला बटण आहे आणि टोकाला नाण्याएवढी चकती. ज्यांचं स्वरयंत्र डॉक्टरांनी काढून टाकलेलं असतं, ती माणसं ही चकती हनुवटीखाली दाबून धरतात, बटण दाबतात आणि ओठ हलवतात. मी नुसती गुणगुण सोडतो. तिचे शब्द ओठ करतात. आजवर मी दुसऱ्याचंच बोलत आलो. माझं स्वतःचं असं आज पहिल्यांदाच सांगतोय.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका लांबलचक टेबलाशी बसून आमच्यासारखे आवाज जोडायच्या. शेवटच्या खुर्चीवरची बाई प्रत्येकाला स्वतःच्या गळ्याला लावून बघायची. "एक, दोन, तीन," एवढंच म्हणायची आणि खोक्यात ठेवायची. आम्ही सगळे सारखेच बोलायचो. एका सुरात, ना वर ना खाली. त्यात राग येत नाही, लाड येत नाही, रडू येत नाही. हा माझा दोष म्हणा किंवा स्वभाव म्हणा.

ज्याच्याकडे मी आलो, तो बसस्थानकावर घोषणा करायचा. बावीस वर्षं तेच काम. माईक बंद पडला तरी त्याच्या नुसत्या आवाजाने शेवटच्या फलाटावरची माणसं पिशव्या उचलायची, असं म्हणतात. म्हणून मित्र त्याला भोंगा म्हणायचे. तो आवाज मी कधी ऐकला नाही. मी आलो तो त्या रिकाम्या जागेवर.

त्याचे मित्र दोन. एक दवाखान्यातला कंपाउंडर. दुसरा बसस्थानकाच्या मागे पंक्चर काढायचा, तो टायरवाला. काम सुटलं की तिघं रोज संध्याकाळी प्यायला जात. रोज वेगळ्या बारमध्ये. सोमवारचा बार मंगळवारी नाही, मंगळवारचा बुधवारी नाही. आसपासच्या गल्ल्यांतले सात बार त्यांनी सात वारांना वाटून दिले होते. ही युक्ती कंपाउंडरची.

"रोज एकाच ठिकाणी गेलं की लोक बेवडा म्हणतात," तो म्हणायचा. "आठवड्यातून एकदा गेलं की टेबल पुसून देतात, या साहेब म्हणतात."

आणि खरंच, सातही ठिकाणी त्यांना साहेब म्हणत. सोमवारच्या बारमध्ये मासे नसलेली काचेची पेटी होती. शनिवारचा बार वरच्या मजल्यावर होता, चढताना सोपा आणि उतरताना अवघड. गुरुवारचा सगळ्यांत लांब, गोदामांच्या रस्त्याला. तो भोंग्याचा लाडका, कारण तिथे गर्दी नसायची आणि मनसोक्त मोठ्याने बोलता यायचं.

मग भोंग्याचा घसा बसला. कंपाउंडरने चघळायच्या गोळ्या दिल्या. महिन्याने दुसऱ्या दिल्या. "अरे, दिवसभर ओरडतोस, बसणारच," असं म्हणत त्याने सहा महिने गोळ्याच दिल्या. मोठ्या डॉक्टरांनी घशात दिवा घालून बघितलं, तेव्हा फार उशीर झाला होता. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढायचं, एवढाच इलाज उरला होता. ते काढलं. आता तो गळ्याच्या खालच्या भोकातून श्वास घ्यायचा. त्यावर पातळ फडकं बांधलेलं असायचं.

बायकोने मला आणलं. शिकवायला एक बाई घरी येत. चकती कुठे धरायची, शब्द कसे सुटे सुटे करायचे, सगळं त्यांनी दाखवलं. भोंगा माझ्यातून पहिला शब्द बोलला तो "पाणी." बायको म्हणाली, "छान येतोय की हो आवाज!" आणि स्वयंपाकघरात गेली. तिने नळ सोडला आणि बराच वेळ सोडूनच ठेवला. भोंग्याने मला खणात टाकलं. वीस दिवस मी तिथेच, सुई-दोऱ्याच्या डब्याशेजारी पडून होतो.

एकविसाव्या दिवशी मित्र आले. टायरवाल्याने मला उचलून उलटंपालटं केलं. "ही पिपाणी होय? वाजव की!"

भोंग्याने मला गळ्याला लावलं. "तुझ्या बापाची पिपाणी," मी म्हणालो. म्हणजे तो म्हणाला.

टायरवाला इतका हसला की खुर्चीवरून घसरला. कंपाउंडर हसता हसता डोळे पुसायला लागला. आणि भोंगाही हसला. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. त्या घरात दोन महिन्यांत पहिल्यांदाच कुणी हसलं होतं. तो सोमवार होता. भोंग्याची बायको दारात उभी राहिली.

"भावजी, डॉक्टरांनी थेंबसुद्धा नको म्हटलंय."

"वहिनी, नुसतं बसवून आणतो. हवापालट," कंपाउंडर म्हणाला.

डॉक्टरांचा कागद दवाखान्यात कंपाउंडरनेच फायलीला लावला होता. त्यात काय लिहिलंय हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी सोमवारच्या बारमध्ये त्याच्याच हाताने अर्धा पेला भरला. "अर्धाच," म्हणाला. बुधवारपर्यंत तो पूर्ण झाला होता.

मी त्याला दोष देत नाही. पेला मागवायचं कामही मीच करायचो. "एक क्वार्टर आणि तीन ग्लास," हे मी जितक्या वेळा म्हटलं, तितकं त्या घरात "कशी आहेस" म्हटलं नाही.

सुरुवातीला वेटर गोंधळायचे. शुक्रवारचा वेटर तर मला मोबाईल समजला आणि म्हणाला, "साहेब, तुमचा फोन वाजतोय." रविवारच्या बारमध्ये शेजारच्या टेबलावरच्या एकाने गळ्याला चमचा लावून माझी नक्कल केली. टायरवाला उठला तसा भोंग्याने त्याला शर्ट धरून खाली बसवलं. त्या रात्री घरी जाताना भोंग्याने मला खिशाच्या तळाशी कोंबलं. पण सोमवारी पुन्हा आला. घरी बायको त्याच्याशी हळू आवाजात बोलायची, आजाऱ्याशी बोलतात तसं. मित्र शिव्या द्यायचे. त्याला शिव्या हव्या होत्या.

असे पाच महिने गेले. मग तो गुरुवार आला.

गोदामांच्या रस्त्यावरचा बार. संध्याकाळचे साडेसहा. दोन पेले झाल्यावर कंपाउंडर म्हणाला, "भोंग्या, ती तुझी यादी म्हण ना. फलाटांची."

"नको."

"म्हण रे. फार दिवस झाले ऐकून."

भोंग्याने मला गळ्याला लावलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." पुढे एकामागून एक गाड्या, त्यांच्या वेळा, फलाट क्रमांक. बावीस वर्षांची पाठ यादी. माझ्या सपाट सुरात ती फार विचित्र वाटत असणार. आधी वेटर थांबले, मग दोन टेबलं वळून बघायला लागली. यादी संपली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "पुन्हा!" भोंग्याने पुन्हा म्हटली. माझा लाल दिवा लागला होता. बॅटरी संपत आली की तो लागतो. त्याने तो पाहिला आणि मला रुमालाने झाकून तिसऱ्यांदा यादी सुरू केली. त्याला इतकं खुश मी कधी पाहिलं नव्हतं.

आठ वाजता टायरवाला उठला, घरी पाहुणे येणार होते. अर्ध्या तासाने हे दोघे निघाले. गोदामं केव्हाच बंद झाली होती. दोन्ही बाजूंना नुसती शटरं. जेमतेम पाचशे पावलं चालले असतील, कंपाउंडर थांबला. छातीवर हात ठेवून फुटपाथच्या कडेला बसला आणि मग आडवा झाला. दवाखान्यात जन्म गेलेला माणूस, त्याला काय होतंय ते लगेच कळलं. त्याने भोंग्याची बाही धरली.

"भोंग्या, ओरड," तो म्हणाला.

भोंग्याने तोंड उघडलं. नुसती हवा आली, तीसुद्धा गळ्याच्या भोकातून. मग त्याने खिशातून फोन काढला आणि मला काढलं. एका हातात फोन, दुसऱ्या हातात मी. मित्राला धरायला हात उरला नाही. बाही सोडवून घ्यावी लागली.

रुग्णवाहिकेचा नंबर लागला. "माणूस... पडलाय... रस्त्यावर," मी म्हणालो.

"हॅलो? हे रेकॉर्डिंग आहे का?" पलीकडची बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

पुन्हा लावला. "लवकर... या..."

"मस्करी करायला हाच नंबर सापडला का?" फोन बंद.

तिसऱ्या वेळी एक पुरुष बोलला. शांत माणूस होता. "घाई करू नका. एकेक शब्द बोला. कुठे आहात?"

भोंग्याने ओठ हलवले. मी "गोदाम" एवढं म्हणालो आणि खाली खाली जात विझलो. बटण तो दाबत राहिला. मी उठलो नाही. तो माणूस फोनवर विचारत होता, "गोदाम? कुठलं गोदाम? ऐकताय ना?" त्याला उत्तर द्यायला आम्हा दोघांपैकी कुणीच नव्हतं.

भोंग्याने मूठ करून शटरं वाजवली. वरच्या एका खोलीची खिडकी उघडली. एका बाईने खाली पाहिलं. एक माणूस हातवारे करतोय, एक आडवा पडलाय. "पिऊन पडलेत मेले," ती आत कुणाला तरी म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

मग तो बारकडे निघाला. पळायचा प्रयत्न केला, पण गळ्याच्या भोकातून तेवढा श्वास मिळेना. मी त्याच्या मुठीत होतो. बारमध्ये पोचून त्याने वेटरला हाताला धरून ओढत आणलं. ते परत आले तेव्हा कंपाउंडर तसाच पडला होता. बाही धरलेला हात अजून तसाच वाकलेला होता. डोळे उघडे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला चार्ज करून भोंगा त्याच्या घरी गेला. कंपाउंडरची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, "भावजी, तुम्ही होतात ना जवळ? शेवटचं काही बोलले का?"

भोंग्याने मला गळ्याला लावलं. "तुमचं नाव घेतलं, वहिनी."

माझ्या सुराला कंप नाही. माणसाच्या गळ्यातून ते खोटं निसटताना चाचरलं असतं, माझ्यातून सरळ आलं. तिने मान हलवली आणि डोळ्यांना पदर लावला.

मला वाटलं, आता हे सगळं थांबेल. पंधरा दिवस थांबलंही. मग टायरवाला दारात उभा राहिला. दाढी वाढलेली. "सोमवार आहे," एवढंच म्हणाला. भोंगा उठला. बायकोने या वेळी अडवलं नाही. तिने त्याचं ताट झाकून ठेवलं.

सोमवारी वेटरने सवयीने तीन ग्लास आणले. "तिसरे साहेब?" त्याने विचारलं. "गावाला गेलेत," टायरवाला म्हणाला. वेटरने तिसरा ग्लास उचलला नाही, यांनीही उचल म्हटलं नाही. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. दोघं समोरासमोर बसायचे आणि प्यायचे. बुधवारी निघताना टायरवाला म्हणाला, "मी थोडं थांबलो असतो तर?" भोंग्याने मला खिशातून काढलंच नाही.

गुरुवारी टायरवाला कोपऱ्यावर वाट बघत होता. भोंग्याने लांबूनच हात हलवून नाही म्हटलं आणि दुसरीकडे वळला. तो प्यायलेला नव्हता.

कंपाउंडरच्या बायकोने दार उघडलं. तो आत गेला नाही. उंबऱ्याबाहेरूनच बोलला. "मी खोटं बोललो. त्याने तुमचं नाव घेतलं नव्हतं."

ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं, भावजी. सत्तावीस वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. 'अगं ऐकलंस का,' एवढंच. मरताना कुठून आठवणार नाव?"

ती उंबऱ्यापर्यंत पुढे आली.

"मग खरं काय म्हणाले?"

"म्हणाला, भोंग्या, ओरड."

तिने दाराची कडी घट्ट धरली. "मग?"

"नाही जमलं."

तिने त्याला आत बोलावलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मग म्हणाली, "त्या गोळ्यांचं त्यांना फार लागून राहिलं होतं. रात्री उठून बसायचे. मी वेळेवर मोठ्या डॉक्टरांकडे पाठवला असता तर त्याचा आवाज राहिला असता, म्हणायचे. तुम्हाला कधी बोलले?"

"नाही."

"नसतीलच बोलले. तुम्ही तिघं रोज बसायचात, बोलायचात तरी काय एवढं?"

याचं उत्तर माझ्याकडे आहे. मी सगळं ऐकलंय. तिघं टायरांबद्दल बोलायचे, बसस्थानकातल्या साहेबांच्या टकलाबद्दल, कुठल्या बारचे शेंगदाणे खवट आहेत त्याबद्दल. पाच महिन्यांत कुणी कुणाला "तुला भीती वाटते का" असं विचारलं नाही.

आता भोंगा कुठल्याच बारमध्ये जात नाही. टायरवाला जातो, एकटा. भोंग्याच्या गळ्याला गेल्या महिन्यात पुन्हा गाठ आली आहे, भोकाच्या अगदी शेजारी. चकती तिथे टेकवली की दुखतं, म्हणून तो गालाला लावून बोलतो आणि मी बोबडा येतो. डॉक्टरांनी तारीख दिलेली नाही. नुसतं "बघू" म्हणाले. बायको रोज रात्री मला न विसरता चार्जिंगला लावते. काल तो तिच्याशी अर्धा तास बोलला. त्या गुरुवारचं सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही नळ सोडला नाही.

मी फार दिवस राहीन असं वाटत नाही. त्याच्यानंतर मला कुणी वापरेल की नाही, ठाऊक नाही. पण माझ्यासारखे खूप आहेत, शहरात, गावात, कुणाच्या ना कुणाच्या गळ्याला. म्हणून जाताना एक मागतो. तुमच्या फोनवर कधी असा सपाट, गुणगुणता, तुटक आवाज आला, तर यंत्र आहे म्हणून ठेवू नका. थोडं थांबा. कुठे आहात ते विचारा. आणि उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचारा.