सल्लागाराची सही

वहीच्या शेवटच्या पानावर पेन टेकवले आणि मध्ययुगीन इतिहासाचे प्राध्यापक व्हिटकम यांना हॅलोरनबाईंचे पत्र आठवले. आठ वर्षे ते टेबलाच्या खणात पडून होते. त्यात एवढेच विचारले होते, 'तुम्ही त्या घराचे सल्लागार आहात. माझ्या कोल्टनचे तिथे काय झाले, सांगाल का? तो कॉलेज सोडून परत आला आहे आणि बोलत नाही.' उत्तर लिहायला ते तीनदा बसले होते. तिन्ही वेळा कागद कोराच राहिला.

समोर वेस्ली पर्किन्स उभा होता. अठरा वर्षांचा, गळ्यात टाय. ते घर म्हणजे एकत्र राहणाऱ्या, एकमेकांना भाऊ म्हणवणाऱ्या विद्यार्थ्यांचे बंधुमंडळ. त्यात शिरू पाहणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला नोव्हेंबरात अशी वही घेऊन फिरावे लागे. आधी घरातल्या सगळ्या थोरल्या भावांच्या सह्या, मग सल्लागाराची. ती झाली की उरायचा फक्त शेवटचा आठवडा. त्या आठवड्यात काय होते, हे व्हिटकम यांनी कधी विचारले नव्हते.

"अरे, बस ना," ते म्हणाले.

"नको सर. ठीक आहे."

"कॉफी तरी घे."

"घेतो की. उभ्यानंच घेतो."

त्याने कप दोन्ही हातांनी धरला. पेनाचे टोपण घरंगळून खाली पडले. ते उचलायला तो वाकला नाही. कपाटाला धरून, पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांतून हळूहळू खाली गेला. वर येताना त्याचे ओठ पांढरे पडले होते.

दार उघडून ग्रेडीने डोके आत घातले. तो घराचा अध्यक्ष. देखणा, बोलका, दर वर्षी सरांसाठी केक घेऊन येणारा.

"सर, अख्खं मध्ययुग पाजताय की काय त्याला? काय रे पर्किन्स, सरांचं डोकं खातोयस?"

"नाही दादा."

"हा बसत का नाही?" व्हिटकम यांनी विचारले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"फुटबॉल खेळताना आपटलाय. धड पळताही येत नाही गाढवाला." ग्रेडी हसला. मग हसू तसेच ठेवून म्हणाला, "घरात सगळं नीट आहे सर. विद्यापीठाला दर वर्षी तुम्हीच तर लिहून देता."

दार लागले. खरेच होते ते. दर सप्टेंबरात विद्यार्थी कचेरीत छळाविरुद्धचे दोन तासांचे व्याख्यान ऐकून घ्यायचे आणि मग फॉर्मवर सही करायची: नव्या मुलांचा छळ होत नाही, मी स्वतः पाहिले आहे. पाहिले काय होते? वर्षातून दोन जेवणे, पांढरे टेबलक्लॉथ. त्याच फॉर्मच्या तळाशी कचेरीचा नंबर होता. तो फिरवला की पहिला प्रश्न त्यांनाच येणार होता.

"सही करा ना सर," वेस्ली कुजबुजला. "नाही मिळाली तर परत पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

वेस्ली दाराकडे पाहत राहिला.

व्हिटकम यांनी वही मिटली. उठून दाराला कडी घातली. मग फोन पुढे ओढला.

"फोन नको सर! मारून टाकतील मला."

"म्हणूनच रे बाळा."

पलीकडे विद्यार्थी कचेरीतल्या एक बाई होत्या. "नाव नाही सांगितलंत तरी चालेल," त्या म्हणाल्या.

व्हिटकम यांनी नाव सांगितले. घराचे सांगितले, स्वतःचेही.

"मुलगा कुठाय?"

"माझ्यासमोर. उभा आहे."

"त्याला बाहेर सोडू नका. डॉक्टरांना घेऊन येतोच आम्ही. प्रोफेसर, असं याआधी कधी पाहिलंय तुम्ही?"

बाहेरून ग्रेडीने दार खडखडवले. "सर? दार का लावलंत?"

व्हिटकम यांनी फोन कानाशी घट्ट दाबला. "हो," ते म्हणाले. "पण ते आधी दुसऱ्या कुणाला तरी सांगायला हवं."

दुपारी डॉक्टरांनी वेस्लीला गाडीतून नेले. गाडीतही तो पालथाच पडून गेला. जिन्यात ग्रेडी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हते.

"किती वर्षांच्या सह्या आहेत सर तुमच्या?" त्याने हळूच विचारले.

खोलीत येऊन व्हिटकम यांनी कागद घेतला. या वेळी तो कोरा राहिला नाही.

'हॅलोरनबाई, मला काही माहीत नव्हते, असे मी स्वतःला सांगत आलो. कोल्टन माझ्याकडे सहीसाठी आला, तेव्हा अर्धा तास उभाच होता. मी बस म्हणालो. तो नको म्हणाला. मी सही केली.'

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी ते पोचले तेव्हा टपालवाली पोती गाडीत टाकत होती. पेटीचे झाकण उघडून हा म्हातारा नुसताच थांबलेला पाहून ती पुढे आली.

"द्या आजोबा, मी घेते."

"नको," ते म्हणाले आणि पाकीट आत सोडले.